नावाची जागा कोरी

तीर्थस्वरूप साडूभाऊ यांस,

धाकट्या साडूचा साष्टांग नमस्कार. (कागदावर साष्टांग घालणं सोपं जातं. प्रत्यक्षात माझी कंबर हल्ली वाकते, पण उठताना भिंतीचा आधार मागते.) इकडे सर्व ठीक आहे, म्हणजे पत्रात लिहिण्याइतकं ठीक आहे. आपला गुडघा काय म्हणतो? ताईंच्या कानातलं गुणगुणणं थांबलं का? मागच्या मंगळवारी हिने सकाळी अकराला फोन केला तर तो चक्क आपणच उचललात. मी इकडे मटार सोलत होतो, आपला आवाज ऐकून हातातले दाणे खाली सांडले. कामाच्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, साहेब घरी! गुरुवारी पुन्हा फोन केला तेव्हा ताई म्हणाल्या की आपण गच्चीत कुंड्यांना रंग देताय. याला म्हणतात हुद्दा. मोठा माणूस घरी बसला की तो रजेवर असतो आणि माझ्यासारखा घरी बसला की तो नुसता बसलेला असतो. मी मटार पुन्हा गोळा केले, पण त्यातली गोडी गेली ती गेलीच.

पत्रास कारण की, कारण काहीच नाही. मी काहीही मागण्यासाठी लिहीत नाही, हे पहिल्याच पानावर सांगून टाकतो, कारण नातेवाइकांची पत्रं शेवटच्या पानापासून उलटी वाचायची मोठ्या माणसांना सवय असते. तीन महिने झाले, आपण एकदाही विचारलं नाहीत की बाबा रे, तुझ्या नोकरीचं काय झालं. मी रागावलो नाही. (रागावलो होतो, पण ही म्हणाली, ते कामात असतील. कुंड्यांच्या, हे मी मनात म्हणालो.) तर नोकरीचं काय झालं ते मीच सांगतो.

आपला हेवा मी गेली बावीस वर्षं इमानेइतबारे करत आलो आहे, हे आपल्याला ठाऊक असेलच. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला आलो तेव्हा सासऱ्यांनी आपल्याला हातांची खुर्ची दिली आणि मला स्टूल. त्या स्टुलाचा एक पाय आखूड होता. पुढे आपल्याला स्वतंत्र खोली मिळाली, दारावर नावाची पाटी लागली, आत येणाऱ्याला बाहेर थांबवणारा माणूस मिळाला, आणि प्रत्येक बातमी आमच्या घरी गरमागरम पोचली. ‘ताईकडे बघा’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की ताई समोर आल्या की माझी मान आपोआप खाली जाते. पण साडूभाऊ, आनंदाची गोष्ट अशी की तीन महिन्यांपासून आपली सुटका झाली आहे. माझ्या हेव्याच्या गादीवर आता दुसरा माणूस बसला आहे.

त्याला मी खिडकीवाला म्हणतो. आमच्या विभागात एकच खिडकी होती आणि तिच्याशेजारचं टेबल रिकामं झालं त्या दिवशी मी तापाने घरी होतो. माझ्यानंतर आठ महिन्यांनी लागलेला हा गृहस्थ तेवढ्यात तिथे जाऊन बसला, तो एकोणीस वर्षं बसला. माझं टेबल त्याच्या शेजारी, पण कपाटाकडे तोंड करून. तो मधूनच म्हणायचा, बघ, ढग काय सुंदर आलेत. मी कपाटाकडे बघून म्हणायचो, हो ना. माणूस वाईट नाही, तेच तर दुखणं आहे. वाईट असता तर हेवा करायला सोपं गेलं असतं. डबा उघडला की आधी माझ्यापुढे सरकवायचा. काम मात्र बेताचं, आणि अक्षर म्हणजे कोंबडीने शाईत पाय बुडवून कागदावर फेरफटका मारावा तसं.

आता आमच्या नमुना फाईलबद्दल सांगायला हवं, कारण घात तिनेच केला. (घात मीच केला, पण फाईलही माझीच.) नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी माझ्या लक्षात आलं की ऑफिसात रोज तीच पत्रं नव्याने लिहिली जातात आणि रोज नव्या चुका होतात. म्हणून मी एक जाड निळी फाईल केली. चांगलं उतरलेलं प्रत्येक पत्र नाव काढून, नावाच्या जागी रेघ ठेवून, तिच्यात लावायचं. तक्रार करणाऱ्या गिऱ्हाइकाला उत्तर, वारलेल्या सहकाऱ्याच्या घरी सांत्वन, साहेबांच्या मुलीच्या लग्नाला न जमल्याची दिलगिरी, सगळं तयार. कुणीही यावं, फाईल उघडावी, रेघेवर नाव घालावं आणि साहेबांपुढे ठेवावं. साहेब न वाचता सही करायचे, कारण फाईलमधलं म्हणजे माझं, आणि माझं म्हणजे चोख. एकोणीस वर्षांत दोनशे अकरा नमुने झाले. आपल्या नावाची पाटी दारावर होती, साडूभाऊ, पण माझी ही फाईल होती.

एके दिवशी साहेबांनी मला आत बोलावून दार लावायला सांगितलं. काही लोक कमी करायचे आहेत, पत्राचा मसुदा हवा, नावं नंतर कळतील. त्यांनी स्वतः चार ओळी खरडल्या होत्या, पण त्यांत जीव नव्हता. ‘आपली सेवा उत्तम होती, पण’ असं त्यांनी लिहिलं होतं. मी तिथे ‘तथापि’ केलं. ‘पण’ म्हटलं की माणसाला धक्का बसतो. ‘तथापि’ म्हटलं की तो आधी विचारात पडतो आणि धक्का मागाहून, सावकाश बसतो. दोन दिवस खपून मी असं पत्र केलं की वाचणाऱ्याला नोकरी गेल्याचं दुसऱ्या परिच्छेदापर्यंत कळू नये. साहेबांनी पाठ थोपटली. मी नमुना फाईलला लावला, क्रमांक दोनशे बारा. सोमवारी माझ्या टेबलावर लिफाफा आला. मला पहिला परिच्छेद फार आवडला. दुसऱ्यात गेल्यावर कळलं की रेघेवर माझं नाव आहे. खोटं कशाला सांगू, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि त्या अंधारीतही वाटलं की ‘तथापि’ चांगला बसलाय.

आम्ही चौघं कमी झालो: मी, खिडकीवाला, टायपिस्ट बाई आणि टपाल बघणारे काका. खिडकीवाल्यालाही लिफाफा आला हे पाहून मला पहिल्यांदा त्याच्याबद्दल माया वाटली. एकोणीस वर्षांनी आम्ही बरोबरीला आलो होतो. साहेबांना वाईट वाटत होतं. ते म्हणाले, ज्याने त्याने आपलं शिफारसपत्र लिहून आणा, मी सही करतो. मी तीन दिवस घेतले. माणसाने स्वतःबद्दल खरं लिहायचं म्हणजे वेळ लागतोच. ‘हे सकाळी सर्वांत आधी येतात व संध्याकाळी सर्वांत शेवटी जातात. विभागाचा सगळा भार त्यांनी एकट्याने पेलला. अक्षर मोत्यासारखे. कोणाचा हेवा करणे त्यांच्या स्वभावातच नाही.’ लिहून झाल्यावर ते मी स्वतःलाच दोनदा वाचून दाखवलं. सही झाली. आणि मग मी ते केलं जे एकोणीस वर्षं करत आलो होतो. नाव खोडलं, रेघ मारली आणि प्रत नमुना फाईलला लावली. क्रमांक दोनशे तेरा. नोकरी गेली तरी हाताची सवय जात नाही हो!

मग वणवण सुरू झाली. पहिल्या ठिकाणी आमच्या धाकटीच्या वयाच्या एका मुलीने आम्हा सहा उमेदवारांना कागदी पेले दिले आणि मनोरा रचायला सांगितला. बाकीचे तुटून पडले. मी आधी पेले मोजले, त्यांची यादी केली आणि मिळाल्याबद्दल प्रत्येकाची सही घेऊ लागलो. तेवढ्यात मनोरा होऊन पडलासुद्धा. एका उमेदवाराचे बूट वाजत नव्हते, त्याचा हेवा वाटला. एकाला डोळ्यांवर चष्मा न चढवता फॉर्म वाचता येत होता, त्याचाही वाटला. शेवटी तर बाहेरच्या कुंडीतल्या झाडाचासुद्धा हेवा वाटला. त्या जागेत कायम असलेलं तेवढं एकच होतं आणि त्याला रोज पाणी मिळत होतं. त्यांनी कळवतो म्हणून सांगितलं. ‘कळवतो’ हा माझाच नमुना क्रमांक चार आहे, त्याचा अर्थ मला कुणी सांगायला नको.

घरी आलो तर ही म्हणाली, खिडकीवाल्याचा फोन होता, त्याला नोकरी लागली. बाराव्या दिवशी! मी अभिनंदन केलं. ते करताना दात इतके आवळले होते की नंतर चहा पिताना दुखले. त्या रात्री जेवलो नाही. हिने विचारलं, पोट बिघडलंय का? म्हटलं, हो.

दीड महिना असाच गेला. मग एका ठिकाणाहून बोलावणं आलं आणि जागा अगदी माझ्यासाठी कापून शिवल्यासारखी होती: पत्रव्यवहार आणि फाईल सांभाळणे. आत विभागप्रमुख बाई बसल्या होत्या, चष्मा नाकाच्या टोकावर. मी शिफारसपत्र पुढे केलं. त्यांनी पहिली ओळ वाचली, माझ्याकडे पाहिलं, खण उघडला आणि आणखी तीन कागद काढून टेबलावर माझ्या कागदाशेजारी ओळीने मांडले. चारही कागदांवर तेच शब्द, तीच सही. फक्त नावं वेगळी. खिडकीवाल्याला आणि काकांना चार ओळी लिहिता येत नाहीत. ते गेले टायपिस्ट बाईंकडे, बाईंनी उघडली नमुना फाईल, आणि रेघेवर आपलंही नाव घालून घेतलं. त्यांनी ऑफिसची रीत पाळली. ती रीत मीच लावली होती.

“तुम्ही चौघंही सगळ्यांत आधी यायचात?” बाईंनी विचारलं.

“हो. म्हणजे एकदमच.”

“आणि चौघंही सगळ्यांत शेवटी जायचात?”

“दार रुंद होतं बाई.”

“आणि सगळा भार प्रत्येकाने एकट्याने पेलला?”

“म्हणूनच बहुतेक कंपनीला आम्ही जास्त वाटलो,” मी म्हणालो.

बाई हसल्या, आणि मला वाटलं, जमलं. मग त्यांनी शांतपणे विचारलं, हे लिहिलं कुणी? आता बघा पेच. मी लिहिलं म्हणावं तर स्वतःचा पोवाडा स्वतःच गायलो. नाही म्हणावं तर मी चौथा नकलाकार. तेवढ्यात काचेपलीकडे नजर गेली. खिडकीवाला बसला होता. याच ऑफिसात! आणि कुठे म्हणून काय विचारता, खिडकीपाशीच. त्याने मला पाहिलं आणि दोन्ही हात वर करून असे हलवले की शेजारच्याचा चहा सांडला. साडूभाऊ, शब्द अगदी ओठांवर होता. मोत्यासारखं अक्षर कुणाचं ते कागद-पेन मागून तिथल्या तिथे दाखवलं असतं, आणि त्याची खिडकी गेली असती. मी म्हणालो, साहेबांनी लिहिलं. हे औदार्य नव्हतं, कृपा करून तसं समजू नका. तो इतका मनापासून हात हलवत होता की माझी जीभच उचलेना. बाई म्हणाल्या, या पत्रातला माणूस आम्ही आधीच घेतलाय, एक पुरे. आणि मला उठावं लागलं.

खिडकीवाला लिफ्टपर्यंत सोडायला आला. वाटेत त्याने काय सांगितलं ऐका. म्हणाला, अरे, टायपिस्ट बाई म्हणाल्या, पत्र साहेबांनीच लिहून ठेवलंय, आणि त्यांनी माझ्याबद्दल काय लिहिलं होतं म्हणून सांगू! बायकोने वाचलं आणि डोळ्यांना पदर लावला. म्हणाली, तुम्ही ऑफिसात असे होतात आणि घरी कधी बोलला नाहीत! आता ते पत्र तिने काचेत बसवून भिंतीवर लावलंय. माझे गुण दुसऱ्याच्या भिंतीवर टांगलेले, त्याच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी, आणि मी लिफ्टचं बटण दाबत उभा. मी हे पत्र आमच्या हिला वाचून दाखवलं होतं तेव्हा ती शेवटपर्यंत नीट ऐकून म्हणाली होती, हे कोणाबद्दल आहे?

नोकरीचा हेवा मी पचवला असता. खिडकीचाही पचवला होता. पण त्या पदराचा हेवा काही केल्या जात नाही. बहुतेक दिवशी सकाळी आवरून, बूट घालून मी कुठे तरी जायचं म्हणून निघतो, चौकातल्या बाकावर बसतो, जाहिराती वाचतो आणि जेवायच्या वेळी परत येतो. आपल्यासारखा माणूस या वेळी खोलीत बसून सह्या करत असेल, असं मनात येतं. मग आपलाही थोडा हेवा करून घेतो, सवय मोडू नये म्हणून.

कळावे. लोभ आहेच, वाढला नाही तरी चालेल, आटू देऊ नये. ताईंना नमस्कार, कुंड्यांना रंग लखलाभ.

आपला धाकटा साडू

ता. क. सोबत एक कागद जोडला आहे, तो सहज नजरेखालून घालावा. शुक्रवारी बाटल्यांच्या कारखान्याच्या ऑफिसात मुलाखत आहे आणि जुन्या साहेबांचं पत्र आता चार ठिकाणी हास्यास्पद झालं आहे. आपल्यासारख्या वजनदार माणसाने चार शब्द लिहिले तर फरक पडतो. आपल्याला त्रास नको म्हणून ते चार शब्द मीच लिहिले आहेत, सगळे नवे, अक्षराची आणि हेव्याची ओळ तेवढी जुनी ठेवली आहे. फक्त आपल्या ऑफिसच्या छापील कागदावर उतरवून, हुद्द्यासकट सही करून पाठवावं. आपल्या हस्ताक्षरात माझं नाव घालायला सोपं जावं म्हणून तिथे रेघ ठेवली आहे. (याला मागणं म्हणू नये. ही सही आहे.)

ता. क. दुसरा, दुसऱ्या दिवशी सकाळी. ताईंसाठी दोन ओळी खाली लिहायच्या म्हणून हिने लिफाफा चिकटवण्याआधी पत्र वाचलं. वाचून, घडी घालून खाली ठेवलं. मग म्हणाली, हे पाठवू नका, त्यांच्याकडे छापील कागद नाही. खोली नाही, पाटी नाही. सात आठवडे झाले. ताईंनी शपथ घातली होती, इतरांना कळलं तरी चालेल, पण तुझ्या ह्यांना सांगू नकोस. मी विचारलं, मलाच का? ही म्हणाली, तुम्हाला बरं वाटेल म्हणून. साडूभाऊ, आपल्याशी काय लपवायचं, वाटलं. चहाचा कप उचलून ओठांशी नेईपर्यंत वाटलं. मग तो कप काही तोंडात जाईना. कुंड्या आठवल्या. एवढ्या मोठ्या माणसाने सकाळी अकराला कुंडी रंगवायची म्हणजे काय, हे माझ्याइतकं कुणाला कळणार? तीन महिने आपण विचारलं नाहीत याचा राग मी परत घेतो. एकच सांगा, आपल्या पत्रात ‘तथापि’ होतं की ‘पण’?

ता. क. शेवटचा. तेव्हा सही करू नका, कागद परतही पाठवू नका, आपल्याकडेच ठेवा. नावाची जागा कोरीच आहे, तिथे आपलं घाला आणि कुणा चांगल्या माणसाची सही घ्या. अक्षराची ओळ आपल्याला लागू नाही, ती गाळा. हेव्याची ठेवा, ती आपल्याला शोभेल. पत्र मी मनापासून लिहिलं आहे आणि प्रत नमुन्याला लावलेली नाही. शपथ. आधी ताईंना वाचून दाखवा, पदराचं काय होतं ते मला कळवा. आणि आता माझं एकच मागणं, जे खरं म्हणजे पहिल्या पानावर लिहायला हवं होतं: शुक्रवार होईपर्यंत कुंड्याच रंगवा. माझ्या आधी नोकरी लावून घेऊ नका.